लिनेटची मागची सीट

हे खरं घडलं आहे. मला रंगवून सांगता येत नाही. काही ऐकलं, थोडं पाहिलं, तेवढंच लिहितो.

सिरिल ऑग्डन माझे व्याही. राहणार इंग्लंडातलं हॅलिफॅक्स. साल १९९८, फेब्रुवारी. रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती.

त्यांच्याकडे लिनेट नावाची जुनी मोटार होती. एके काळी हजारो लिनेट रस्त्यावर होत्या. आता अस्सल म्हणून नोंदलेल्या पाचच उरल्या होत्या. सिरिलरावांची सहावी ठरणार होती. यादीत घ्यायला लिनेटवाल्यांच्या मंडळाची अट एकच... सगळं मूळचं हवं. सीटच्या आतलं भरणसुद्धा.

मागची सीट तेवढी मिळत नव्हती.

ती हेडली नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडली. गंजून बसलेल्या दुसऱ्या लिनेटमध्ये.

टपावर कोंबड्यांची घाण. पुढच्या सीटवर बोटभर थर.

मागच्या सीटवर मात्र... एक पीसही नाही.

"इथे नाही बसत कोंबड्या?" सिरिलरावांनी विचारलं.

"कधीच नाही," हेडली म्हणाला. "माझा काका तिच्यावर झोपायचा. एका उन्हाळ्यात झोपला, तो उठलाच नाही. तीन आठवडे कुणी बघितलं नाही. फुकट न्या, आजोबा. कोंबडीला नको ते तुम्हाला हवंय!"

सिरिलराव हसले. सीट घरी आली.

पाच वेळा धुतली. मधोमध एक डाग होता, तो वाळेना. हात लावला की कोमट... चिकट. गोडसर, कुजका वास नखांत बसायचा.

त्यांनी शिवण उसवली. आत घोड्याचे केस भरलेले. काळे, राठ.

त्यांत गुंतलेले काही पांढरे होते. मऊ.

सिरिलराव तिथेच ओकले.

मग तोंड पुसून त्यांनी शिवण पुन्हा घातली.

"सिरिल, जाळ ती!" विहीणबाई, मॅव्हिस, ओरडल्या. "माणूस पाझरलाय तिच्यात!"

"अगं, अशी दुसरी मिळायची नाही."

"आणि बायको मिळेल? ती सीट तरी राहील, नाहीतर मी."

"रविवारी तपासणी होऊ दे. मग बघू."

रविवारी दोघं निघाले. बाहेर बर्फ गोठलेला.

काचेवर एक माशी बसली.

मग दहा. हिरव्या, फुगलेल्या... ऐन फेब्रुवारीत.

वळणावर मागच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणी जड माणसाने कूस बदलावी तशा.

सिरिलरावांनी आरशात पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

सीट मात्र मधोमध दबत होती... हळूहळू.

मॅव्हिसच्या मानेवर ओलसर श्वास आला. तोच वास. त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, दार लावलं.

"तुम्ही दोघं जा," एवढंच म्हणाल्या.

आणि सिरिलराव तसेच पुढे गेले. लिनेट पास झाली. मंडळाच्या यादीत आता सहा आहेत.

मॅव्हिस तेव्हापासून माझ्या मुलीकडे लीड्सला असतात.

गेल्या महिन्यात मी समजूत घालायला गेलो. सिरिलराव गॅरेजात सीट पुसत बसले होते. बाहेर ऊन, आत माशांची घोंघों.

"आता तरी जाळा," मी कसंबसं म्हटलं.

"सहाच आहेत हो," ते म्हणाले. मागे वळून कुणाला तरी सांगावं तसं.

निघताना त्यांनी हात पुढे केला. मी भिडस्त माणूस. हातात घेतला.

कोमट होता... चिकट.

तेव्हापासून मी या हाताने जेवत नाही. धुऊन धुऊन कातडी सोलली आहे.

वास जात नाही.