न बांधलेली पोथी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये दीक्षा खरं तर पाऊस चुकवायला शिरली होती. सत्त्याण्णवचा ऑगस्ट, केमिस्ट्रीची पदवी नुकतीच हातात… आणि समोर तो. गुडघ्यावर चित्र उभं धरून, चित्रातल्या माणसांच्या आवाजात गाणारा. कुडाळकडचा ठाकर आदिवासी, पिराजी. चित्रं त्याच्या पणजोबांनी काढलेली. काळ्या रेघेतले ते मोठाले डोळे थेट तिच्याकडेच बघत होते.

“पावणं, वेळ संपली. आवरा की आता,” वॉचमन हंबीरराव दारातून ओरडला.

पिराजीचा चेहरा उतरला. “गोष्ट अर्धी आहे, मामा. आमच्यात चित्रांची पोथी उघडली की गोष्ट संपेपर्यंत फडक्यात बांधत नाहीत.”

“मग बाहेर पोर्चमधी सांगा की. कुलूप माझं हाय, गोष्ट तुमची.”

लोक पांगले. दीक्षा मात्र पोर्चमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसली.

“सांगा. मी हाय की.”

तो तिच्या एकटीसाठी गायला. रानातली एक मुलगी. तिचं मन एका माणसावर. पण मांडवात बघते तर हुबेहूब त्याच्यासारखे पाच जण उभे – चार देव आणि एक तो. माळ घालायची कुणाला?

“हा हिरवा रंग कशाचा?” तिनं मध्येच विचारलं.

“पाल्याचा.”

“आणि कागदाला धरून कसा राहतो? डिंक?”

“डिंकच. गोष्ट ऐकताय का परीक्षा घेताय?”

“दोन्ही.”

तो हसला. एकच चित्र उरलं होतं. त्यानं घड्याळ बघितलं. गगनबावड्यावरून जाणारी शेवटची एसटी गाठायची होती. तिच्या लक्षात आलं – हे चित्र दाखवलं की पोथी बांधणार, आणि हा जाणार.

ती उठली. “उरलेलं उद्या ऐकते.”

“अहो, अर्धी पोथी –”

“म्हंजे थांबावं लागणार की तुम्हाला.”

कोपऱ्यापर्यंत ती हसतच गेली. मग वाऱ्यानं पाऊस आडवा केला आणि तिचे पाय थबकले. डिंक. पाण्यात विरघळणारा. आणि पोथी उघडी…

ती धावत मागे आली.

पोर्चमध्ये पाणी सपासप आत येत होतं. पिराजी पोथीवर ओणवा झाला होता, अंगाचं छप्पर करून. पाठीवरून ओघळ वाहत होते. पोथीवर थेंब नव्हता.

“का न्हाय बांधली?” तिनं विचारलं. “मी… थट्टा केली हो. तुमची गाडी गेली.”

“ऐकणारी उठून गेली. गोष्ट कुठं संपली होती?”

तिनं पोथीकडे बघितलं. चार पिढ्यांच्या पावसातून हे रंग असेच आले असतील… कुणाच्या तरी पाठीखालून.

ओढणी ताणून ती वाऱ्याच्या बाजूला बसली. “दाखवा शेवटचं.”

त्यानं चित्र उभं धरलं. पाच सारखे चेहरे.

“कसं ओळखलं तिनं?”

“देवांची पापणी लवत नाही,” तो हळू म्हणाला. “माणसाची लवते.”

तिनं चित्रावरून नजर उचलली. केसांतलं पाणी त्याच्या डोळ्यांत उतरत होतं. पापणी लवली… पुन्हा लवली.

“ओळखलं,” ती म्हणाली.

मग त्यानं लाल फडकं पसरलं. पण गाठ काही बसेना. दीक्षानं गाठीवर बोट दाबून धरलं.

“आता उद्या आमच्या घरी उघडा. आई-पप्पांसमोर.”

“कुठली गोष्ट सांगू?”

“सगळ्यात लांबलचक असंल ती.”