मधलं नाव

उमा खेडेकरच्या टेबलापाशी तो येऊन उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, हा माणूस दुकान चुकलाय. रत्नागिरीत कचेरीसमोरच्या त्या फॉर्म भरायच्या दुकानात माणसं यायची ती घाईने, भांडणाच्या तयारीने. हा मात्र कागद पाठीमागे लपवून, मान खाली घालून उभा... आणि अंगाला आंब्याच्या मोहोराचा वास.

"नाव बदलायचंय," तो हळूच म्हणाला.

"आत्ताचं सांगा."

"केरू... केरू हेदवकर."

उमाने हसू दाबलं. पण दाबलेलं हसू कधी लपलंय? बिचारा कानापर्यंत लाल झाला, आणि उमाला स्वतःचीच लाज वाटली. मग सावरून घ्यायला ती बोलतच सुटली. हेदवकर म्हणजे हेदवीचे ना? तुमचं बरं आहे, आडनावातलं गाव अजून जागेवर आहे. आम्ही नावाचे खेडेकर, पण खेडमध्ये आमचं घर कुठे होतं, ते आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं.

"म्हणजे आडनाव आहे, पत्ता नाही," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. हसला की बरा दिसतो, असं उमाच्या मनात आलं.

अर्जात कारण लिहावं लागतं. त्याने खालमानेने सांगितलं. वय एकोणतीस, आंब्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधतो, तीन स्थळं आली नि नाव ऐकून परत गेली. लग्न झालं की बायकोच्या नावात मधे केरू, पोरांच्या नावातही केरू. कुठली मुलगी हा केर जन्मभर मिरवील? नवं नाव त्याने ठरवून आणलं होतं, संदेश. लहान असताना आई तापात बडबडत होती, तेव्हा हे नाव तिच्या तोंडून ऐकलं, तेव्हापासून गोड वाटायचं म्हणे.

मग तो येत राहिला. एकदा फोटो चुकला, एकदा आधारची प्रत राहिली. तिसऱ्यांदा काहीच राहिलं नव्हतं, तरी आला!

"तुमच्या नावाचा अर्थ काय हो?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. पार्वती तपाला निघाली तेव्हा तिची आई 'उ मा', म्हणजे 'अगं, नको' म्हणाली, तेच नाव पडलं.

"मग ऐकलं तिने?"

"छे! मनातला माणूस असा सोडतात होय?" उमा बोलून गेली आणि उगाचच कीबोर्ड पुसू लागली.

अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी त्याची आई आली. काशीबाई. जयगडची फेरीबोट, मग एसटी, असं करत एकटी आलेली. घोटभर पाणी प्यायली आणि उमाचा हात धरून बसली. "संदेश माझा पयला झील गो बाय," ती म्हणाली. "आठ महिन्यांचा गेला. दुसरा तर बारशापर्यंतही नाय राहिला."

तिसरा झाला तेव्हा तिने त्याला सुपात घालून अंगणातल्या केरावर ठेवलं. शेजारच्या गंगुबाईने उचललं, केरात पोर सापडलं म्हणाली, आणि मूठभर तांदळाला तिला परत दिलं. म्हणून केरू. केराला कोण नजर लावणार? काळसुद्धा केर उचलीत नाही. घरात त्या दोघांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

"आता तो गेलेल्याचं नाव लावतोय. माझ्या तोंडून सांगवत नाय. तू लिवणारी, तूच थांबव."

उमाने अर्ज पुन्हा उघडला. सांगितलं तर तो अर्जच करणार नाही, आणि मग या दुकानात त्याचं काय काम उरणार? पण न सांगता अर्ज पाठवायचं बटण दाबणंही तिच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला मांडवीच्या धक्क्यावर बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. तो पाण्याकडे वळला. डोळे भरून आले होते.

"आई मला कधी नावाने हाक मारत नाही. बाळाच म्हणते. मला वाटायचं, तिलाही लाज वाटते..."

तिने सोबत आणलेला छापील अर्ज त्याने फाडला, तुकडे खिशात ठेवले. "नाव राहू दे. लग्न नाही झालं तर नाही. कुणाला सांगू, हे नाव लाव म्हणून? तुमच्यासारखीला तर..." आणि तो थांबला.

 आयुष्यात एवढी उमा कधी घाबरली नव्हती.

"तुमची आई गेल्यावर मी टाइप करून पाहिलं," ती म्हणाली. "उमा केरू हेदवकर."

 वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला. खोटं बोलत होता, तिला कळत होतं.

तिने पुन्हा सांगितलं. मोठ्याने... आणि मधल्या नावावर जरा जास्तच थांबून.