चौथ्या ओळीतला श्वास

संगीतकाराला जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि त्याच्या शेवटच्या चित्रपटाचा शेवटचा तुकडा त्या दिवशी ध्वनिमुद्रित व्हायचा होता. साठ वादक जमले, तालीम झाली, आणि जेवणाच्या सुट्टीत डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या स्टँडवरचा स्वरलिपीचा कागद नाहीसा झाला. संगीतकाराच्या मुलीने गुप्तहेराला बोलावलं. तो मेहुण्याला घेऊनच आला. वही सांभाळायला कुणीतरी हवंच.

मुलीचे डोळे सुजले होते. बाकीच्यांचे कागद नक्कलकाराने उतरवलेले. हा एकच बाबांनी अंथरुणावरून, हाताशी आला त्या कागदावर स्वतः लिहिलेला. "बाबांचं शेवटचं अक्षर आहे ते," ती म्हणाली.

मेहुण्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याने इमानेइतबारे सगळं टिपलं.

संगीतकाराचा सहायक घाईत होता. त्या कागदावर म्हणे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लांब सूर, बासवाला तो झोपेतही वाजवेल. खरी डोकेदुखी म्हणजे पावा वाजवणारे आजोबा. चौथ्या ओळीत त्यांचा दम तुटतो. पुन्हा तुटला तर त्यांना घरी पाठवायचं.

नक्कलकार कुरकुरला. जुनाट, चार घड्यांचा कागद, मागे कुणीतरी गिरगटलेलं. ध्वनिमुद्रण झालं की सगळे कागद फाडायचे, कुणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही, असा निर्मात्याचा नियम.

पावावाले आजोबा बासच्या जाळीदार स्टँडच्या पाठीमागे, स्टँडकडे तोंड करून बसले होते. त्यांच्यापुढे कागद नव्हताच. त्यांना स्वरलिपी येत नव्हती आणि अक्षरओळखही नव्हती. आज वाजवायची ती चाल त्यांच्या बायकोची. पंचवीस वर्षांपूर्वी संगीतकार त्यांच्या घरी राहिला, तेव्हा तिने ती त्याला गाऊन दाखवली होती. गेल्या वर्षी ती गेली.

"हे सुटले," मेहुणा बाहेर येऊन म्हणाला. "ज्याला वाचता येत नाही, तो कागद कशाला चोरेल, भाऊजी?"

"ज्याला वाचता येतं, तो तरी हा कशाला चोरेल?" गुप्तहेर म्हणाला. "पुढच्या बाजूला एक सूर. म्हणजे चोरी मागच्या बाजूची. ती बाजू बसल्या जागेवरून दिवसभर कोणाला दिसत होती? आणि फाडली जाणार म्हणून कोणाचा जीव खालीवर होत होता?"

आजोबांनी आढेवेढे घेतले नाहीत. पाव्याच्या पिशवीतून कागद काढून दिला. सकाळी मागितला होता, नाही म्हणाले. "प्रौढ वर्गात शिकली होती ती. गाणं लिहून दिलं साहेबांना. तिच्या हातचं घरात दुसरं काही नाही. घड्या तिच्याच आहेत, लांबूनच ओळखल्या."

मेहुण्याने वही मिटली. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मुलीने कागद उलटला आणि आजोबांसाठी मोठ्याने वाचलं. गाण्याच्या आठ ओळी झाल्या, आणि खाली आणखी एक होती, ती गाण्यातली नव्हती.

"'चौथ्या ओळीत ह्यांना श्वास घेऊ द्या. दम पुरत नाही, पण हे सांगायचे नाहीत.'"

आजोबा बराच वेळ पाव्यावरून हात फिरवत राहिले. मुलीने वडिलांच्या त्या एका सुरावरून बोट फिरवलं, जुन्याच घड्यांवर कागद मिटला आणि आजोबांच्या पिशवीत ठेवला. मग सहायकाकडे जाऊन तिने सांगितलं की चौथ्या ओळीत साठही जण थांबतील.

दुपारी सगळे थांबले. आजोबांनी श्वास घेतला आणि पुढची ओळ वाजवली.