वायर सुटली असेल

कार्डिओग्राम काढताना पेशंटनं हसू नये, असा नियम आहे. रेघ हलते. यादगिरीला हा नियम पाळणं कधी जमलंच नाही.

तो भवानी पेठेतला, चादरींवरच्या नक्ष्या काढणारा. माग चालवणाऱ्यांना धाप लागते हे ठीक, पण पेन्सिल चालवताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला मशीनच्या खोलीत पाठवलं. तिथे विजयमाला होती.

तिनं मनगटांना आणि घोट्यांना पट्ट्या आवळल्या, छातीवर जेली लावली.

"लई गार हाय, सिस्टर... शॉक बसंल का?"

"मशीन तुम्हाला वीज देत नाही. तुमच्याच हृदयात वीज तयार होते, तिच्यावर ते धडधडतं. मशीन फक्त तिची रेघ काढतं."

"म्हंजे आत माझी सोताची वीज हाय? मंडळाला सांगू नका... बिल लावतील."

तो हसला. रेघ हलली. नियम पेशंटपुरताच असल्यामुळे तीही हसली.

कागद सरकत राहिला — एक टेकडी, एक उंच सुळका, पुन्हा एक टेकडी.

"चादरीच्या काठाला शोभंल की!" तो मान वर करून म्हणाला. तेवढ्यात रेघ एकदम सपाट.

"सिस्टर... गेलो का मी?"

"गेलेली माणसं इतकं बोलत नाहीत. वायर सुटलीय." तिनं वाकून डाव्या घोट्याची वायर पुन्हा बसवली.

त्यानंतर ती वायर दर खेपेला सुटू लागली. दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं तो ती हळूच काढायचा, हे तिला दिसायचं. न दिसल्यासारखं करून ती वाकायची.

झडप खराब निघाली. मुंबईला ऑपरेशन ठरलं.

"परत आलो की तुमाला सिस्टर म्हणनार न्हाय," तो म्हणाला.

"मग काय म्हणाल?"

"ते... आल्यावर."

मुंबईची गाडी सोमवारची होती. शनिवारी दुपारी त्याला टांग्यातून आणलं. मागोमाग त्याची आई कमलम्मा, अनवाणी.

विजयमालानं पट्ट्या आवळल्या, जेली लावली. गार लागल्याची तक्रार आली नाही. मशीन सुरू केलं. रेघ सपाट.

"वायर सुटली असेल," ती म्हणाली. डाव्या घोट्याची वायर तिनं दाबली. मग उजव्या. मग मनगटांच्या. कागद सरकत राहिला.

"सिस्टर," कमलम्मा दारातून म्हणाली, "हितं माला नावाची कोन हाय? टांग्यात सारकं तिलाच हाक मारत हुता..."

विजयमाला पुन्हा डाव्या घोट्याशी वाकली.

"परत काढलीत ना?" ती अगदी हळू म्हणाली. "मला दिसतं सगळं... हसा आता."

पण पेशंटनं हसू नये, हा नियम यादगिरीनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाळला.