हळुवार हाताची हरवलेली आवृत्ती

जे सगळ्यांचं असतं, ते बिघडलं तर हाक कुणाला मारायची? निहिराला हा प्रश्न पडला, तेव्हा तिने उजवा हात पाठीमागे लपवलेला होता. तो हात यंत्राचा होता. आईच्या कार्यशाळेत बनलेला, आणि वर्षभर तिच्यासोबत राहून वस्तू हळुवार धरायला शिकलेला. दिवाळीनंतर त्यात नवी आज्ञावली (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना) घातली आणि त्याचा चिमटा बसला चार महिन्यांच्या अद्वयला, तिच्या धाकट्या भावाला. पोर कळवळून रडलं. तेव्हापासून ती पाळण्याकडे फिरकली नव्हती.

"मग जुनी आज्ञावली परत घाल ना," ती म्हणाली.

"तीच सापडत नाहीये गं," आईचा आवाज बारीक झाला.

खरं तर कार्यशाळेत आवृत्ती-नियंत्रण होतं (केलेला प्रत्येक बदल सांभाळून ठेवणारी व्यवस्था). हरवायला नकोच काही. पण कार्यशाळेतल्या हुशार मंडळींनी दिवाळीच्या साफसफाईत फडताळांबरोबर संगणकही झाडून काढला. जुनं नाव दिसलं की पूस. त्यात निहिराच्या हाताच्या आवृत्तीचंही नाव गेलं.

"ज्यांनी ती व्यवस्था बनवली त्यांना विचार की."

"ती मुक्त आहे, बाळा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कुणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. आमच्याकडे सगळे म्हणतात, फुकटच्या वस्तूची तक्रार करणार कुणाकडे?"

आजोबा म्हणजे निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. असलं बोलणं त्यांना खपत नसे. "काहीतरीच तुमचं. निहिरा, पुरणपोळीची कृती सगळ्यांना ठाऊक असते. तरी लग्नात आचारी बोलावतोच ना आपण?"

"हो, आणि त्याला पैसेही देतो."

"पण कृतीचे नाही. त्याच्या अनुभवाचे, आणि आयत्या वेळी तो उभा राहील या भरवशाचे. मुक्त आज्ञावलीलाही असे आचारी असतात. त्याला म्हणतात व्यावसायिक साहाय्य (मोबदला घेऊन केलेली जाणकार मदत). एक पटला नाही तर दुसरा बघावा. कृती काही कुणाच्या कुलपात नाही."

आईने लगेच शोध घेतला. पहिला जाणकार म्हणाला, "सगळं काढून नवं बसवून देतो." आजोबांनी नकारार्थी मान हलवली; तसं केलं तर जुनी आवृत्ती कायमचीच गेली असती. दुसऱ्या होत्या नागपूरच्या मेघना धोटे. त्या व्यवस्थेचा काही भाग त्यांनीच लिहिला होता. पडद्यावर येताच त्यांनी विचारलं, "काही पुसलं-बिसलं का? मग आता कशालाच हात लावू नका."

निहिराचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "नाव पुसलं म्हणजे वस्तू गेली असं नसतं, बेटा. लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी निघाली तरी बरणी फळीवर असतेच. फक्त ही व्यवस्था बिनचिठ्ठीच्या बरण्या काही काळाने टाकून देते. त्याआधी शोधू या."

बराच वेळ त्या शोधत राहिल्या. "हीच का?" त्यांनी विचारलं, आणि आईचे डोळे भरून आले. धोट्यांशी वर्षभराचा करार करायचा, असं तिने तिथेच ठरवलं. आणखी कितीतरी मुलांचे हात कार्यशाळेत घडायचे होते.

जुनी आवृत्ती हातात परत आली. तरी निहिरा पाळण्याशी घाबरतच बसली, आणि तिने एकच बोट पुढे केलं. अद्वयने ते गच्च पकडलं. सोडायलाच तयार नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "हळुवार धरायचं आता यालाच शिकवायला हवं."