गाल बसलेल्या पुड्या

दूध-पावडरीच्या पुडीतली पूड डॉक्टरीणबाईंनी जिभेवर ठेवली आणि त्या थुंकल्या. मैदा! डोंगरावरच्या अनाथाश्रमातली पोरं का वाळत चालली होती, याचं उत्तर त्या चिमटीत होतं.

त्याच खोक्यातल्या न फोडलेल्या पुड्या त्यांनी पिशवीत झाकून, विमानात मांडीवर धरून खाली आणल्या आणि संस्थेच्या कचेरीत फौजदारबाईंसमोर ठेवल्या. फौजदारबाई निवृत्त झाल्या होत्या. जीभ आणि नजर मात्र अजून नोकरीतच होत्या.

"मुद्दाम तुम्हालाच बोलावलं," अध्यक्ष म्हणाले. "घरातलं घरात राहील."

"घरातलं म्हणजे?"

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीवर फौजदारबाईंचा धाकटा दीर आपल्या छोट्या विमानाची काच पुसत होता. देणगीचं दूध तो फुकट वर पोचवायचा. पोरं त्याला विमानकाका म्हणत; त्या एका हाकेवर गडी इंधनसुद्धा स्वतःच्या खिशातून भरायचा. पण इथून आश्रमापर्यंत खोकी एकट्या त्याच्याच ताब्यात असत.

"नाव घ्यायचं तर उघड घ्या," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे नात्यागोत्याला सूट नाही."

त्यांनी एक पुडी उचलली. छपाई अस्सल, प्लास्टिकची शिवण घट्ट. पण दोन्ही बाजू आत ओढलेल्या, आजारी माणसाच्या गालांसारख्या. मग त्या कोठारात गेल्या. तिथल्या पुड्या सपाट, गुळगुळीत.

"खोकं गच्च का भरत नाही?" त्यांनी कोठारवाल्याला विचारलं.

"वैमानिकसाहेबांचा दम आहे. वरच्या अंगाला बोटभर जागा सोडायची."

बाईंनी कोठारातली एक पुडी घेतली, मैद्याची एक घेतली आणि दोन्ही पिशवीत टाकून विमानात बसल्या.

"वहिनी, बेड्या आणल्यात का?" दिराने विचारलं. हसला, पण हसू ओठांपुरतंच.

"पट्टा लावा आधी. वाटेत कुठे थांबता?"

"ढगात काय चहाची टपरी आहे?"

"सरळ उत्तर द्या, भाऊजी."

"नाही थांबत. वर आश्रमाच्या आई उभ्या असतात. खोकी मोजून घेतात, कोठीला कुलूप लावतात. किल्ली त्यांच्या कमरेला."

"आणि ती बोटभर जागा?"

"वर हवा विरळ. बंद पुडी फुगते. गच्च भरलं तर फुटायची."

"मैद्याच्या पुड्या पाहिल्यात तुम्ही?"

"चोराला कोण माल दाखवतं?"

आश्रमाच्या अधीक्षिकेला सगळी पोरं आई म्हणत. आईंनी बाईंना आपल्या खोलीत बसवलं. कोपऱ्यात इस्त्री होती; तिच्या तळाला वितळलेल्या प्लास्टिकचा काळा डाग. भिंतीवर पांढरा डगला घातलेल्या तरुणाची तसबीर.

"चिरंजीव?"

"हो. डॉक्टर होतोय. खासगी कॉलेजात." आईंचा आवाज क्षणभर उजळला. मग त्यांनी दाराकडे, वैमानिकाकडे पाहिलं. "असा माणूस असेल असं वाटलं नव्हतं हो. पोरांच्या तोंडचं काढलं!"

दाराबाहेर पोरं गोळा झाली होती. नेहमी त्याच्या गळ्यात पडणारी. आज हातभर लांब.

"पुडीत मैदा भरला कुठे?" बाईंनी विचारलं.

"खालीच. इथे आल्या त्या अशाच आल्या."

बाईंनी पिशवीतून दोन्ही पुड्या काढून टेबलावर मांडल्या. कोठारातली पुडी ढोलकीसारखी टम्म फुगली होती. मैद्याची मात्र आता सपाट, गुळगुळीत. बसलेले गाल भरून आले होते.



"खाली बंद केलेली पुडी इथे फुगते," बाई म्हणाल्या. "इथे बंद केलेली इथे सपाट राहते आणि खाली गेली की तिचे गाल बसतात. कचेरीत ही बसलेली होती. इथे पूर्ववत झाली. म्हणजे तिच्यात कोंडलेली हवा याच डोंगरावरची. माझ्या दिराने खाली मैदा भरला असता, तर ही शेजारणीसारखी फुगली असती. तुम्ही दूध विकलंत, मैदा भरलात आणि इस्त्रीने शिवण चिकटवलीत. इथे पुडी सपाट दिसली, तुम्हाला वाटलं जमलं. ती कधी विमानातून खाली जाईल, हे ध्यानात आलं नाही. कोठीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असते?"

आईंनी नकळत कमरेला हात लावला.

"बारा गावच्या पोरांचं केलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या एकाचं कोण करणार होतं?"

"आई सगळ्यांची म्हणवलीत," बाई म्हणाल्या, "निघालात एकाचीच."

बाईंनी वैमानिकाकडे पाहिलं. तो निर्दोष ठरला होता. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

आईंना विमानात बसवलं, तेव्हा पोरांनी एकच आकांत मांडला. फौजदारबाई त्यांना समजावू लागल्या. पण पुडी, हवा, शिवण, ऐकतो कोण? त्यांना एवढंच दिसत होतं की विमानकाका आईला घेऊन चाललाय.

विमान पट्टीवरून धावू लागलं. दर खेपेला टाळ्या पिटत मागे पळणारी पोरं आजही पळाली.

पहिला दगड शेपटीवर बसला. दिराने मागे वळून पाहिलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "पुढच्या खेपेला दूध कोण आणणार?"