देवचाराच्या माथी

साईश, तो मोबाइल ठेव आधी. सेजल, भीती वाटली तर मग मला बोलू नको. ही ऐकीव गोष्ट नव्हे. आमच्या हळर्णच्या गौरेशच्या घरी घडलेली.

त्याची बहीण सुविधा. कधी रात्ररात्र गाणार, अख्ख्या वाड्याला जेवायला बोलावणार. कधी आठवडाभर अंथरुणातून उठायची नाही. वर कानात कुणीतरी बोलायचं. एक डॉक्टर म्हणाला, मनःस्थितीचा आजार. दुसरा म्हणाला, स्किझोफ्रेनिया. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दोन्ही एकत्र असू शकतं. मन ठिकाणावर असतानाही आवाज येतो का, तेवढं बघा." बघणार कोण? तिचं ठरलेलं लग्न मोडेल म्हणून घरचे प्रत्येक डॉक्टरला अर्धंच सांगायचे! डोकं फिरतं रे माझं!

त्यात कुणीतरी म्हणालं, हा देवचाराचा आवाज. झालं! गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या, रात्रीचे साडेआठ. सुविधाला आत ठेवून गौरेशने बाहेरून कुलूप घातलं. शहाणाच तो! हातात देवचाराचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड भाकरी, विडी आणि तिच्या सगळ्या गोळ्या. गावाचा राखणदार तो, रात्रभर काठी टेकत शिवेवरून फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणतात. आता तोच बघून घेईल म्हणे.

शेताच्या बांधावर सगळं ठेवलं. गाऱ्हाणं घातलं. परत फिरला.

मागे काठी वाजली. ठक्.

हा थांबला. काठी थांबली.

चालला... ठक्. ठक्.

"कोण?"

...

पळाला! नव्या वहाणा रस्त्यातच सुटल्या. घरी आला तर कुलूप जसंच्या तसं. आत सुविधा शांत बसलेली.

"दादा, आजोबा आले होते. काठी घेऊन."

"तुझा नेहमीचा आवाज तो..."

"नव्हे रे! तो आत्ताही बोलतोय. आज मला बरं वाटतंय, तरी बोलतोय. हे वेगळे. म्हणाले, बाये, तुझा आवाज माझा नव्हे. भावाला सांग, माझ्या माथी मारू नको."

तेव्हा गौरेशला आठवलं. डॉक्टरीणबाईंनी हेच तर विचारलं होतं! पण पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं खरं सांगितलं. मनाची आणि आवाजाची, दोन्ही औषधं सुरू झाली. चार-पाच महिने गेले, पण आता ती बरी आहे. गोळ्या चालूच आहेत हां!

पण त्या पहाटे त्याने दार उघडलं... पायरीवर त्याच्या वहाणा होत्या. पेडण्याच्या बाजारातून दोनच दिवसांआधी आणलेल्या.

तळ झिजून दोन्हींना भोकं पडली होती.